गॅरेजातली तिसरी फेज

लिलावात मातीमोलाने मिळालेले लेथ मशीन घरी आणले की पहिली अडचण ते दारातून आत घ्यायची. दुसरी त्याहून मोठी. मोटरच्या पाटीवर ठसवलेले असते: ४१५ व्होल्ट, थ्री फेज. घरात मात्र एक फेज आणि एक न्यूट्रल. ब्रिटनमधले हौशी कारागीर कित्येक वर्षे या पाटीपाशी अडखळत आले आहेत.

तिथे घरातच यंत्रशाळा थाटायची हौस जुनी. ‘मॉडेल इंजिनियर’ हे या मंडळींचे नियतकालिक १८९८ साली निघाले. त्या काळी अनेकांचे लेथ शिलाई मशीनसारखे पायाने चालायचे, त्यामुळे फेजची कटकट नव्हती. १९४६ साली आलेले मायफर्डचे ‘एमएल ७’ हे छोटे लेथही सिंगल फेजच्या मोटरवर खुशाल फिरे. पेच पडला तो कारखान्यांतली भारदस्त यंत्रे, कोल्चेस्टरची लेथ किंवा ब्रिजपोर्टची मिलिंग मशीन, जुन्या बाजारातून घराघरांत येऊ लागली तेव्हा.

थ्री फेजचा जन्मच मुळी मोठ्या कामासाठी झाला. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना तुरिनमध्ये गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८८ साली, एकमेकांवर न विसंबता, जगापुढे मांडली. तीन फेजची सुटसुटीत मोटर केली जर्मनीत डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी. १८९१ मध्ये नेकार नदीकाठच्या लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात वीज आणली गेली. तिने हजार दिवे उजळले आणि एक कृत्रिम धबधबाही कोसळता ठेवला.

आता याच मोटरला एकच फेज दिली तर? ती नुसती घूं करत बसते. एका फेजचे चुंबकीय क्षेत्र गोल फिरत नाही, जागच्या जागी मागेपुढे होते. सारख्या ताकदीच्या दोन गटांची रस्सीखेच चालावी तसे. दोर हलत नाही आणि वाइंडिंग मात्र तापत जाते. पण शाफ्टला दोरी गुंडाळून हिसका दिला, की मोटर त्या दिशेने पळत सुटते. एकदा वेग घेतला की रिकाम्या तिसऱ्या वाइंडिंगमध्ये आपोआप दाब तयार होतो. हरवलेली फेज मोटरच्याच पोटात सापडते!

फेरारिस यांचे सहकारी रिकार्डो अर्नो यांनी हे हेरले. अशी मोकळी फिरणारी मोटर म्हणजेच ‘अर्नो कन्व्हर्टर’. गॅरेजवाल्यांनी तीच युक्ती उचलली: भंगारातली दणकट मोटर कोपऱ्यात बसवायची, कॅपॅसिटर लावून किंवा छोट्या मोटरने तिला गती द्यायची आणि तिच्या तिन्ही तारांवर लेथ चालवायचे. दिवसभर कोपऱ्यात घुमणारी ही मोटर कुटुंबाला किती प्रिय असेल, ते वेगळे सांगायला नको.

हे जुगाड वाटत असेल, तर रेल्वेकडे पाहावे. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्नने १९१५ मध्ये कोळशाच्या गाड्या ओढायला सिंगल फेजच्या तारेखाली थ्री फेज मोटरची इंजिने धावती केली, ती फेज कन्व्हर्टरच्याच बळावर. भुसावळच्या शेडमधल्या डब्ल्यूएजी-५ सारख्या जुन्या इंजिनांतही वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची एकच फेज आणि पोटातल्या ब्लोअर-कॉम्प्रेसरच्या मोटरी थ्री फेज. मधला दुवा अर्नो. इंजिनवाल्यांच्या तोंडी आजही तेच नाव आहे. पुढे या अर्नोची जागा स्टॅटिक कन्व्हर्टरने घेतली.

गॅरेजातही तेच झाले. आता चपलांच्या खोक्याएवढा ‘ड्राइव्ह’ भिंतीवर टांगला की काम भागते. त्याच्या आत आयजीबीटी नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करून तिन्ही फेज घडवतात. या आयजीबीटीच्या जडणघडणीत मद्रासमध्ये जन्मलेल्या बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा. शिवाय ड्राइव्हमुळे मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करता येतो, तोही पट्टा न बदलता.

तरी जुनी पाटी सहजी सोडत नाही. साधा ड्राइव्ह २४० व्होल्ट घेतो आणि तेवढेच देतो. मोटरची वाइंडिंग मात्र ‘स्टार’ पद्धतीने ४१५ साठी जोडलेली. टर्मिनलच्या डबीत सहा खुंट्या असतील तर नशीब: एका ओळीतल्या पितळी पट्ट्या काढून उभ्या बसवल्या की ‘डेल्टा’ जोडणी झाली आणि मोटर २४० वर चालते. तीनच खुंट्या असल्या तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या गुंडाळीत, वार्निशखाली दडलेला असतो. तो शोधून, दोऱ्या कापून, तीन नवी टोके बाहेर काढायची, हे चांगल्या रिवाइंडरचेच काम. आणि ड्राइव्ह बंद केल्यावरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणा दाब उरतो. झाकणावर जितकी मिनिटे लिहिली आहेत तितकी थांबावे, मगच स्क्रूला हात लावावा.