जुन्या ट्रकचा रेडिओ : दुरुस्त करायचा की बदलायचा?

जतन म्हटलं की आपण देवळं, वाडे, हस्तलिखितं यांच्याबद्दल बोलतो. आज मी मुद्दाम एक कामकरी वस्तू घेतली आहे : अमेरिकेतल्या १९५४ सालच्या शेवरले ३१०० या पिकअप ट्रकमधला रेडिओ. असे ट्रक तिथले हौशी लोक आजही जपतात. आणि त्यातल्या बहुतेकांपुढे कधी ना कधी प्रश्न येतो, की मुका पडलेला हा रेडिओ दुरुस्त करायचा, की नवा बसवायचा? प्रश्न मेकॅनिकचा वाटतो. माझं म्हणणं असं, की तो इतिहासाचाही आहे.

थोडी पार्श्वभूमी. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. पण तो मोटारीसाठी. ट्रक म्हणजे राबणारं वाहन, त्याला कसली आलीय करमणूक? शेवरलेच्या ट्रकांना डॅशबोर्डमध्ये बसणारा रेडिओ मिळू लागला तो १९४७ च्या नव्या मॉडेलपासून, आणि तोही जादा पैसे मोजून. शेतकऱ्याला त्यावर हवामान कळायचं, धान्याचे भाव कळायचे. रात्री मध्यम लहरी आकाशातून परावर्तित होऊन दूर जातात. त्यामुळे नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्यांचा कार्यक्रम शेकडो मैलांवर, ट्रकमध्ये बसून ऐकता यायचा.

आता हा रेडिओ उघडून बघू. आत व्हॉल्व्ह आहेत. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि ट्रकची बॅटरी तर सहा व्होल्टची! दाब वाढवायला ट्रान्सफॉर्मर हवा. पण बॅटरीचा एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही. मग काय केलं? ‘व्हायब्रेटर’ नावाची एक डबी बसवली. तिच्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरते आणि प्रवाह तोडत-जोडत राहते. रेडिओ लावला की आधी तिची गुणगुण ऐकू यायची, मग व्हॉल्व्ह तापायचे, आणि मग आवाज. १९५५ नंतर बारा व्होल्टच्या बॅटऱ्या, त्यांवर थेट चालणारे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर आले, आणि ही गुणगुण कायमची गेली.

म्हणूनच असा रेडिओ सापडला की लगेच बॅटरीला जोडू नये. मेणकागदाचे जुने कंडेन्सर गळके झालेले असतात, व्हायब्रेटरच्या टोकांवर गंज चढलेला असतो. पट्टी चिकटून बसली तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. जाणकार आधी कंडेन्सर बदलतात. काही जण तर जुन्या कंडेन्सरचं कवच पोकळ करून त्यात नवा लपवतात. स्पीकरचा कागदी पडदा फाटला असेल तर नवा चढवतात. हे सगळं वेळखाऊ आणि खर्चिक.

दुसरा मार्ग सोपा : आतलं सगळं काढून टाकायचं, दर्शनी भाग आणि बटणं ठेवायची, आत एफएम आणि ब्लूटूथवाला नवा बोर्ड. वरून काहीच कळत नाही. मग बिघडलं कुठे?

उत्तर तबकडीवर आहे. नीट पाहिलं तर ६४० आणि १२४० या आकड्यांपाशी दोन बारीक खुणा दिसतात. त्या आहेत अणुयुद्धाच्या भीतीच्या. १९४१ मध्ये पर्ल हार्बरकडे येणाऱ्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या रेडिओवरच्या संगीताचा वेध घेत दिशा साधली होती. तसं सोव्हिएत विमानांना करता येऊ नये म्हणून १९५१ मध्ये ‘कॉनेलरॅड’ योजना आली : हल्ला झाला तर बाकी सगळी केंद्रं गप्प, सूचना फक्त या दोन जागी. १९५३ ते १९६३ या काळात विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर ही खूण सक्तीची होती. आणि गंमत बघा, डब्ल्यूएसएम लागायचं ६५० वर. म्हणजे शनिवारचं गाणं आणि बॉम्बची सूचना तबकडीवर अगदी शेजारी!

नवा बोर्ड बसवला की काटा बऱ्याचदा या आकड्यांना जुमानत नाही. खूण उरते, तिचा अर्थ जातो.

तरी ‘बदलूच नका’ असं मी म्हणणार नाही. ट्रक हा चालवण्यासाठी असतो, आणि मालकाला गाणी ऐकायचा हक्क आहे. पण आतला भाग शाबूत असेल तर तो दुरुस्त करावा. नको असेल तर जुना रेडिओ जागेवरच राहू द्यावा आणि नवा सीटखाली लपवावा. जळूनच गेला असेल तर बोर्ड बसवावा. पण जुना सांगाडा चिठ्ठी लावून जपून ठेवावा. केलेला बदल उद्या कुणाला उलटवता आला पाहिजे, एवढी एकच अट.

हा वाद जुना झालेला नाही. विजेवरच्या मोटारींतल्या यंत्रणेची खरखर मध्यम लहरींत शिरते, म्हणून काही कंपन्यांनी तो रेडिओच वगळला. त्यावर २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये, प्रत्येक गाडीत तो सक्तीचा करा, असं विधेयक आलं. कारण काय दिलं? संकटकाळी सूचना पोचली पाहिजे. नेमकं तेच, जे त्या दोन बारीक खुणा सत्तर वर्षांपूर्वी सांगत होत्या.