मोहाची भट्टी आणि दंडाचे माप

परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेल्या नवेगाव बांधच्या विस्तीर्ण जलाशयाविषयी, त्याच्या भोवतालच्या डोंगररांगांविषयी आणि १९७५ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानाविषयी मराठीत पुष्कळ प्रेमाने लिहिले गेले आहे. परंतु त्याच अरण्यात फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले ढाळणाऱ्या मोहाच्या झाडाचा जो इतिहास अबकारीच्या दप्तरांत आणि फौजदारी कायद्याच्या कलमांत दडलेला आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मनुष्याने मनुष्याला मारले तर काय करावे आणि मनुष्याने मादक पदार्थ बनवला, विकला किंवा सेवन केला तर काय करावे, या दोन भिन्न प्रश्नांची राज्यकर्त्यांनी कशी गल्लत केली, हे त्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल.

गोंड समाजात मोहाची दारू ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हती. देवाला पहिली धार द्यावी, जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी ती असावी, असा रिवाज होता. आणि ज्याने जातीचा नियम मोडला त्याला पंचांनी बहिष्कृत केल्यावर पुन्हा पंगतीत घ्यावयाचे ते त्याच्याकडून जेवण आणि दारू घेऊनच. ज्या वस्तूसाठी पुढे सरकारने माणसांना कैद केले, तीच वस्तू येथे अपराध्याला समाजात परत आणण्याचे साधन होती, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते. पंचांच्या त्या न्यायात अन्यायही होता, दुबळ्यावर जुलूमही होता; परंतु दंडाचा हेतू तुटलेला माणूस जोडणे हा असावा, एवढी जाणीव त्यात निश्चित होती.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना होऊन हा मुलूख इंग्रजी फौजदारी व्यवस्थेखाली आला. हिंसेविषयी त्या व्यवस्थेचे धोरण आधीच ठरले होते. नागपूर-जबलपूरच्या वाटेवर प्रवाशांचे गळे आवळणाऱ्या ठगांच्या बंदोबस्तासाठी स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जी मोहीम चालवली, तिला १८३६ च्या कायद्याने असे बळ मिळाले की, ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध होताच जन्मठेप व्हावी. माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर इतका भार टाकणे धोक्याचे होते, हे मान्य करूनही त्या कठोरपणाचा रोख निरपराध प्रवाशाच्या प्राणरक्षणाकडे होता, हे नाकारता येत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने तर हिंसा आणि नशा यांतला भेद अत्यंत नेटकेपणाने मांडला: स्वेच्छेने केलेली नशा ही गुन्ह्याची सबब होऊ शकत नाही, म्हणजे झिंगलेल्या माणसाने कुऱ्हाड चालवली तर तो खुनाचा जबाबदार, परंतु सार्वजनिक जागी नशेत उपद्रव देणाऱ्याला मात्र चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड, अथवा दोन्ही, एवढेच शासन पुरेसे मानले. ही तजवीज ज्यांनी केली त्यांची न्यायबुद्धी या एका बाबतीत तरी निर्मळ होती, असे माझे मत आहे.

ती निर्मळता गढूळ केली अबकारीने. दारूचा मक्ता लिलावाने देऊन सरकारने त्यावर महसूल उभारला, आणि १९१५ च्या मध्यप्रांत अबकारी कायद्याच्या अमलात परवान्याबाहेरची प्रत्येक भट्टी ही महसुलाची चोरी ठरली. झाड रानातले, फुले बायकापोरांनी वेचलेली, मडके कुंभाराचे; तरीही आंबवलेल्या फुलांचा सडवा सापडला की जप्ती आणि खटला. येथे कोणाच्या शरीराला इजा झालेली नव्हती. इजा झाली होती ती खजिन्याला. गांजाच्या बाबतीत १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने, ज्यात मध्यप्रांतातील अधिकारी अँड्र्यू फ्रेझर हे एक सदस्य होते, सुमारे बाराशे साक्षी घेऊन परिमित सेवनाने सामान्यतः हानी होत नाही आणि सरसकट बंदी उचित नाही, असा निर्वाळा दिला. त्यातही महसुलाची चिंता होतीच, पण निदान पुरावा पाहून मत बनवण्याची शिस्त होती.

महसुलाच्या पाठोपाठ नीतीचा आग्रह आला. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला; मुंबईचा १९४९ चा कायदा १९५९ मध्ये विदर्भाला लागू करण्यात आला, आणि जेथे नशेतील उपद्रवालाही दंडसंहितेने चोवीस तास पुरेसे मानले होते, तेथे दारूच्या नुसत्या सेवनासाठी पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी व्यवस्था आली. हेतू उदात्त होता, यात शंका नाही; परंतु उदात्त हेतूने केलेला दंडही मापाबाहेर गेला म्हणजे तो गरिबाच्याच पाठीवर पडतो, कारण परवान्याची वाट त्याला माहीत नसते आणि जामीन देणारा त्याला भेटत नाही.

१९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा याच वाटेने पुढे गेला. हेरॉइनचे काही ग्रॅम जवळ सापडले आणि ते स्वतःच्या सेवनापुरतेच होते हे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी, असा त्याचा मूळ दंडक होता. उलट शस्त्राने दुसऱ्याला गंभीर जायबंदी करणाऱ्यासाठी दंडसंहितेत किमान शिक्षाच नव्हती. १९८९ च्या दुरुस्तीने मोठ्या प्रमाणातील व्यापाराच्या दुसऱ्या अपराधाला अनिवार्य मृत्युदंड ठेवला, तोही अशा काळात की, जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास अनिवार्य असलेला मृत्युदंड सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. २००१ मध्ये अल्प आणि व्यापारी प्रमाण असा भेद कायद्यात आला, तेव्हा गांजाला एक आणि वीस किलो अशा सीमा ठरल्या. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृत्युदंडाची अनिवार्यता काढली, आणि २०१४ मध्ये संसदेने तो न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. सुधारणा झाली, पण ती होण्यास अनेक वर्षे लागली. तेवढ्या वर्षांत तुरुंगात गेलेल्यांना ती कोणी परत दिली नाहीत.

या विचाराला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेणाऱ्या स्त्रियांपुढे मी नम्र आहे. नवेगाव बांधच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दीर्घ आंदोलनामुळे. घरात मार खाणाऱ्या बाईला नशा आणि हिंसा वेगळ्या करून पाहण्याची चैन परवडत नाही. परंतु तिचे गाऱ्हाणे नीट ऐकले तर ते मुळात माराचेच असते. तिच्या नवऱ्याने हात उचलला त्याची फिर्याद ठाण्यात लगेच नोंदली जावी, खटला लवकर चालावा, शिक्षा निश्चित व्हावी. त्याऐवजी तेच पोलीस नाल्याकाठच्या सडव्यावर दिवस घालवतात आणि मार तडजोडीत मिटवला जातो, हे तिच्यावरचे दुसरे अरिष्ट आहे. मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांनी बस्तरमधील माडियांच्या शंभर खुनांचा अभ्यास करून १९४३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही दारू हे अनेक कारणांपैकी एक आहे; संशय, मत्सर, वैर आणि जादूटोण्याची भीती यांचे पारडे हलके नाही.

मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठवले, हे योग्यच झाले. दंडसंहितेच्या जागी आलेल्या नव्या न्यायसंहितेत १ जुलै २०२४ पासून सार्वजनिक जागी नशेत उपद्रव देणाऱ्याला कैद किंवा दंडाऐवजी समाजसेवेची शिक्षा देता येते, हेही योग्यच आहे. व्यसनी माणसाने उपचार पत्करल्यास त्याला खटल्यातून मुक्तता देणारी तरतूद अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. तिचा उपयोग प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात व्हावा, मोठ्या व्यापाऱ्याची मालमत्ता सरकारजमा व्हावी, आणि तुरुंगाच्या कोठड्या, पोलिसांचा वेळ व न्यायाधीशांची कठोरता ही सर्व प्रथम त्यांच्यासाठी राखून ठेवावी ज्यांनी दुसऱ्याच्या देहावर घाव घातला आहे, अशी माझी कायदे करणाऱ्यांना विनंती आहे.