मासिकाचें नांव आणि बाईचें नांव

इंदिरानगरांतील आमच्या घराच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे कित्येक वर्षें पडून होते. यंदा दिवाळीपूर्वींची झाडलोट चालली असतां ते खालीं काढले, आणि रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकदां चाळावे म्हणून मी बैठकीच्या खोलींत ते पसरून बसलें. एका गठ्ठ्यांत ‘स्त्री’ मासिकाचे अंक होते, दुसऱ्यांत ‘मिळून साऱ्याजणी’चे. पहिला माझ्या आईचा, दुसरा माझा. आईच्या बहुतेक अंकांच्या कोपऱ्यांत शाईनें सही केलेली आहे. परंतु त्या सहींत तिचें नांव नाहीं. ‘सौ.’ हें उपपद, त्यापुढें वडिलांच्या नांवाचें आद्याक्षर आणि आडनांव, एवढेंच तिनें लिहिलें आहे. माझ्या अंकांवर मीं माझें स्वतःचें नांव लिहिलेलें आहे. दोन्ही गठ्ठे एकाच घरांतले आणि त्यांत अंतर अवघ्या एका पिढीचें. हें अंतर कसें तुटलें, हा प्रश्न मला पडला, आणि रद्दीवाला त्या दिवशीं रिकाम्या हातानें परत गेला.

मासिकास नांव देतांना संपादक आपल्या वाचकास कोण समजतो, हें नकळत सांगून जातो. गेल्या दीडशें वर्षांत स्त्रियांसाठीं निघालेल्या मराठी मासिकांचीं नांवें ओळीनें वाचलीं, तरी ह्या इतिहासाचा बराचसा भाग हातीं येतो. एकोणिसाव्या शतकांत ‘स्त्रीभूषण’, ‘अबलामित्र’ अशीं नांवें आढळतात. ह्यांतील ‘अबला’ ती वाचणारी, आणि ‘मित्र’ तो लिहिणारा. मित्राचा हेतु चांगला होता, ह्यांत शंका नाहीं. बाईनें शिकावें, घर नीटनेटकें ठेवावें, मुलांचें आरोग्य सांभाळावें, अशी त्याची कळकळ होती. परंतु बोलणारा एक आणि ऐकणारी दुसरी, ही मांडणी त्यानें गृहीत धरली होती. १८८६ सालीं माणकबाई लाड ह्यांनीं ‘आर्यभगिनी’ काढलें, तेव्हां संपादकाच्या जागीं बाई आली. हा बदल मोठाच होय. तथापि नांवांत बाई ‘भगिनी’ झाली, आणि भगिनी म्हटली कीं ती कोणाची हा प्रश्न येतोच; त्याचें उत्तरही नांवाच्या पूर्वार्धांत दिलेलेंच होतें. १९०१ सालीं मनोरमाबाई मित्र ह्यांचें ‘महाराष्ट्र महिला’ निघालें. तेथें नातें गेलें व त्याच्या जागीं प्रांत आला.

स्वतःचें मासिक नसणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं ह्याच काळांतील एक उदाहरण पुरेसें आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन तिला शिक्षा झाली. त्या निमित्तानें ‘पुणेवैभव’ पत्रानें समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. तें वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि १८८२ सालीं पुण्यास छापून घेतला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. जे दोष बाईच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, असें त्यांनीं रोखठोक विचारलें. टीका झाली, जोतीराव फुले ह्यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें त्यांची बाजू घेतली. परंतु त्यानंतर ताराबाईंचें दुसरें पुस्तक झालें नाहीं, आणि जें झालें होतें तेंही विस्मृतींत गेलें. स. गं. मालशे ह्यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां त्र्याण्णव वर्षें लोटलीं होतीं. पुस्तकानें एकदां बोलतां येतें. आलेल्या उत्तरास प्रत्युत्तर द्यावयास दर महिन्यास येणारें पान लागतें. तें पान ताराबाईंस नव्हतें.

ऑगस्ट १९३० मध्यें किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ निघालें. नांगर व उंसाचे चरक करणाऱ्या एका कारखान्याच्या आश्रयानें हें मासिक वाढलें, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतील एक विलक्षण गोष्ट आहे. संपादक शंकरराव किर्लोस्कर ह्यांनीं नांवांतून ‘अबला’ काढली, ‘आर्य’ काढला, गृह आणि नातेंही काढलें. राहिली ती केवळ स्त्री. संमतिवय, घटस्फोट, संततिनियमन, मुलींची नोकरी असे विषय ह्या मासिकानें मध्यमवर्गीय घरांच्या माजघरापर्यंत नेले. तरीही बाईनें स्वतःच्या नांवानें कितपत बोलावें, ह्याची मर्यादा समाजानें आंखलेलीच होती. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होऊन गदारोळ झाला, तेव्हां बाळूताई खरे ह्यांस ‘विभावरी शिरूरकर’ ह्या टोपणनांवाआड राहावें लागलें. प्रौढ अविवाहित मुलींच्या मनांतील गोष्टी छापणें शक्य झालें होतें. त्यांखालीं खरें नांव घालणें मात्र शक्य झालें नव्हतें. माझ्या आईची ती सही मला आतां अधिक समजते.

आणखी एक गोष्ट आम्हां नाशिककरांनीं विसरूं नये. ‘स्त्री’चा पहिला अंक निघण्यापूर्वीं पांच महिने, २ मार्च १९३० रोजीं, आमच्याच पंचवटींत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं आणि दादासाहेब गायकवाड ह्यांच्या परिश्रमानें चाललेल्या ह्या लढ्यांत अस्पृश्य समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येनें उतरल्या होत्या. नव्या मासिकाच्या त्या एका शब्दांत मंदिराच्या बंद दाराशीं बसलेली ही बाई येत होती काय? शब्दाच्या अर्थानें येत होती. व्यवहारांत येत नव्हती. मासिकाच्या वाचक व लेखिका बहुतांशीं शिकलेल्या, पांढरपेशा घरांतल्या होत्या. त्यांचें दुःख खरें होतें, परंतु तें सर्व स्त्रियांचें दुःख नव्हतें. आणि ‘स्त्री’ हा शब्द एकटा उच्चारला कीं हा भेद झांकला जातो.

तो झांकलेला भेद त्याच मासिकाच्या पानांवर पुढें उघडा झाला, हें त्याचें श्रेय मान्य केलें पाहिजे. १९८२ सालीं फलटणच्या बेबीताई कांबळे ह्यांचें ‘जिणं आमुचं’ हें आत्मकथन ‘स्त्री’मधून क्रमशः प्रसिद्ध झालें, १९८६ सालीं त्याचें पुस्तक झालें. दुकान सांभाळतां सांभाळतां लिहिलेलीं तीं पानें बेबीताईंनीं सुमारें वीस वर्षें नवऱ्यापासून लपवून ठेवलीं होतीं. मॅक्सीन बर्नसन ह्या विदुषींच्या आग्रहामुळें तीं बाहेर आलीं. जातीनें दिलेला मार आणि घरांतला मार ह्या दोहोंची हकीकत त्यांनीं एकाच लेखणीनें सांगितली. आईच्या गठ्ठ्यांत त्या वर्षाचे अंक आहेत, आणि इतर अंकांपेक्षां ते अधिक हाताळलेले दिसतात. तिनें त्याविषयीं आम्हांपाशीं कधीं चर्चा केली नाहीं. तिनें तें वाचलें होतें, एवढें मात्र त्या मळलेल्या कडांवरून कळतें.

ह्याच सुमारास स्वतंत्र मासिकांचें युग सुरू झालें. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर महाराष्ट्रांत ज्या स्त्रीसंघटना उभ्या राहिल्या, त्यांस आपला विचार दुसऱ्याच्या अंगणांत मांडणें पुरेसें वाटेना. पुण्याहून ‘बायजा’ निघालें. नांव खेड्यांतल्या बाईचें, आणि कोणतेंही विशेषण न लावलेलें. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनें ‘प्रेरक ललकारी’ चालविलें. विद्या बाळ १९६४ पासून ‘स्त्री’च्या संपादनांत होत्या आणि १९८३ ते १९८६ हीं वर्षें त्या संपादक होत्या. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनीं ऑगस्ट १९८९ मध्यें ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलें. त्यापाठीं कोणताही कारखाना नव्हता. वर्गणीदार आणि मित्रमंडळी हाच त्याचा आधार.

हें स्वातंत्र्य केवळ मालकीचें नव्हे. ज्या मासिकाच्या मलपृष्ठावर गोरेपणाच्या मलमाची जाहिरात असते, त्यास आंतल्या पानांत सांवळ्या मुलीच्या लग्नाची काळजी खोटी आहे असें ठांसून म्हणतां येत नाहीं. बाईचें जें चित्र विकलें जातें, त्याहून निराळें चित्र काढावयाचें असेल तर विकणाऱ्याचें मिंधेपण पत्करून चालत नाहीं. त्याची किंमतही मोजावी लागते. अंक सडपातळ राहतो, खप बेताचा राहतो, आणि दर वर्षीं वर्गणीची आठवण करून द्यावी लागते. नव्या मासिकाचें नांव अनेकवचनी होतें, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. ‘स्त्री’ ही एकच एक असूं शकत नाहीं. विधवा, परित्यक्ता, अविवाहिता, कामकरी, दलित, आदिवासी अशा अनेकजणी असतात, ही जाणीव त्या अनेकवचनांत आहे. शिवाय ह्या मासिकानें संवादाचें आमंत्रण पुरुषांसही दिलें. बाईपण जसें शिकविलें जातें तसें पुरुषपणही शिकविलेंच जातें, हा विचार पुढें इतरांनींही उचलला. १९९३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘मावा’ ह्या पुरुषांच्या संस्थेनें ‘पुरुष स्पंदनं’ नांवाचा दिवाळी अंक काढण्यास आरंभ केला.

‘साऱ्याजणी’ ह्या शब्दांत खरोखर साऱ्याजणी आल्या आहेत काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदींच निराधार नाहीं. जिला वाचतां येत नाहीं अथवा वर्गणी परवडत नाहीं, ती अद्याप बाहेरच आहे. काळारामच्या सत्याग्रहासारख्या लढ्यांत उतरलेल्या स्त्रियांच्या आठवणी नोंदवून घेण्याचें काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनीं ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या ग्रंथांत केलें. तो ग्रंथही १९८९ चाच. त्या शीर्षकांतील ‘ही’ हा एवढासा अव्यय पूर्वींच्या सर्व मासिकांवरचा अभिप्राय आहे, असें मला वाटतें.

ह्या दोन वाटा पुढें जेथें मिळाल्या तें ठिकाण मनांत ठेवण्यासारखें आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस प्रवेश नव्हता. रस्त्यावर आंदोलन चालू असतां विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक ह्यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि एप्रिल २०१६ मध्यें न्यायालयानें स्त्रियांचा हक्क मान्य केला. आधार कोणता घेतला? हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाविषयींचा १९५६ चा कायदा. हा कायदा मूळ अस्पृश्यांचा मंदिरप्रवेश डोळ्यांपुढें ठेवून झालेला. म्हणजे १९३० सालीं ज्या बायांस मासिकाच्या पानांत जागा मिळाली नव्हती, त्यांच्या लढ्याचें फळ शहाऐंशी वर्षांनीं एका मासिकाच्या संपादिकेच्या कामीं आलें. विद्याताई ३० जानेवारी २०२० रोजीं निवर्तल्या. मासिक त्यांच्या मागेंही चालू राहिलें.

दोन्ही गठ्ठे मीं आतां ग्रंथालयास देण्याचें ठरविलें आहे. आमच्या शहरांत १८४० पासूनचें सार्वजनिक वाचनालय आहे. असे कागद जपण्याची जागा तीच. ज्यांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील त्यांनीं ते रद्दीच्या कांट्यावर घालण्यापूर्वीं कोपऱ्यांतील सह्या एकदां वाचाव्या. अंकांबरोबर द्यावयाच्या पत्रांत देणाऱ्याचें नांव लिहावें लागतें. पहिल्या गठ्ठ्यासाठीं तेथें मीं आईचें नांव लिहिलें आहे: तिचें स्वतःचें, आणि मागें कोणतेंही उपपद न लावतां.