म्युरियलचा बांबू

बांबू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उन्हापावसात उभी असलेली वेळूची बेटे येतात. पण सगळ्याच बांबूंना ऊन मानवत नाही. मध्य चीनमधील हुबेई प्रांतात, दोन ते तीन हजार मीटर उंचीवर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारा एक बांबू आहे. १९०७ साली अर्नेस्ट विल्सन या इंग्रज वनस्पतीसंग्राहकाला तो तेथे आढळला. विल्सन त्या वेळी अमेरिकेतील आर्नल्ड वृक्षोद्यानासाठी काम करत होता. त्याने जिवंत रोप तिकडे नेले आणि १९१३ साली तेथून एक रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचले. १९२० साली विल्सनच्या लहान मुलीवरून, म्युरियलवरून, त्याचे नामकरण झाले. शास्त्रीय वर्णन लिहिणारे जेम्स साइक्स गॅम्बल हे डेहराडूनच्या वनशाळेचे एके काळचे प्रमुख. भारतीय बांबूंवरचा १८९६ सालचा मोठा ग्रंथ त्यांचाच. पुढे या बांबूची प्रजाती अनेकदा बदलली. गवताच्या कुळाचे वर्गीकरण मुख्यतः फुलांवर चालते आणि हा तर फुलायलाच तयार नाही, मग घोळ होणारच! आज त्याला फार्जेसिया म्युरिएली म्हणतात.

थंड हवेच्या ठिकाणी त्याची लागवड सोपी आहे. पालापाचोळ्याचे भरपूर खत असलेली, ओलसर पण पाणी न साचणारी जमीन आणि दुपारची सावली एवढे त्याला पुरते. कडाक्याची थंडी तो सहज सोसतो; आपल्याकडच्या मैदानी उन्हाळ्यात मात्र त्याचा निभाव लागणार नाही. भर उन्हात त्याची पाने लांबीच्या दिशेने गुंडाळतात. पानाच्या वरच्या बाजूस मोठ्या, फुगीर पेशींच्या रांगा असतात. त्यांतले पाणी कमी झाले की त्या आक्रसतात, पान मिटते आणि बाष्पोत्सर्जन घटते. हे पाहायला चीनला जायला नको. पाण्याची ओढ बसलेल्या मक्याचे पान दुपारी मुलांना दाखवा.

हा बांबू दूरवर पसरत नाही, बेटानेच वाढतो. वसंतात बेट फोडून, कंदासह तुकडा लावला की नवे रोप तयार. युरोपभरच्या बागांत तो असाच गेला. म्हणजे हजारो रोपे दिसत असली, तरी ती विल्सनने आणलेल्या त्या एकाच रोपाचे तुकडे होती. वयही सगळ्यांचे एकच!

त्याचा परिणाम पुढे दिसला. १९७० नंतरच्या दशकात डेन्मार्कमध्ये पहिला फुलोरा आला आणि १९९० च्या दशकापर्यंत युरोपातली बेटेच्या बेटे फुलून, बी धरून वाळून गेली. खत घाला, पाणी द्या, छाटा, काही उपयोग झाला नाही.

मग याचे फुलोऱ्याचे चक्र किती वर्षांचे? १९०७ पासून मोजायचा मोह होतो, पण ते चुकीचे ठरेल. विल्सनने उचललेले रोप तेव्हा किती वर्षांचे होते? मोजणी बी रुजल्यापासून हवी. ती त्याच्या भावंडाबाबत, फार्जेसिया निटिडाबाबत, करता येते. रशियन प्रवासी पोतानिन याने १८८६ च्या सुमारास चीनमधून त्याचे बी आणले. त्या रोपांचा फुलोरा १९९० च्या दशकात सुरू झाला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे.

बागेतला बांबू मेला तर माळी हळहळतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात चीनच्या मिन पर्वतात बांबू असाच फुलून वाळला, तेव्हा किमान १३८ पांडा मेलेले आढळले. पूर्वी असे झाले की पांडा खालच्या उतारांवरच्या दुसऱ्या जातीच्या बांबूकडे वळत. आता तेथे शेते आली होती. माझ्या मते दोष फुलोऱ्याचा नाही, तुटलेल्या वाटेचा आहे.

युरोपात पडलेल्या बियांतून नवी पिढी रुजली. तिच्यात कोणी ठेंगणे, कोणी उंच, कोणाचे पान बारीक. तुकड्यांत कधी न दिसलेली विविधता एकदम समोर आली.

मिझोराममध्ये मौताम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांबूच्या फुलोऱ्याची १९११, १९५९ आणि २००७ ही साले नोंदलेली आहेत, म्हणून तेथे ४८ वर्षांचे चक्र सांगता येते. तुमच्या परिसरात कळक फुलला, तर शाळेच्या नोंदवहीत साल आणि ठिकाण लिहून ठेवा, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी रोपे उगवतात का तेही पाहा.