उपग्रह फोन : खर्चाआधी परवानगी पाहा

मोबाइलचा मनोरा नसलेल्या वाळवंटात, हिमशिखरांवर वा भरसमुद्रात उपग्रह फोन थेट उपग्रहाशी संपर्क साधतो. मात्र त्यासाठी डोक्यावर मोकळे आकाश लागते. खोल घळीत वा दाट झाडीत संपर्क तुटू शकतो.

सेवा निवडताना प्रथम प्रवासाचा प्रदेश पाहावा. 'इरिडियम'चे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांसह संपूर्ण पृथ्वी व्यापतात. 'इनमारसॅट'चे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने ध्रुवाजवळ त्यांचा उपयोग होत नाही. 'थुराया'ची सेवा अमेरिका खंडात मिळत नाही.

एखाद्याच मोहिमेसाठी फोन विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे परवडते. प्रीपेड कार्ड घेतल्यास त्याची मुदत तपासावी. केवळ खुशाली कळवणे व संकटात मदत मागणे एवढीच गरज असेल, तर 'गार्मिन इनरीच'सारखे संदेशयंत्र फोनपेक्षा स्वस्त पडते. त्याची वर्गणी मात्र वेगळी भरावी लागते.

भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह फोन वा असे संदेशयंत्र बाळगणे बेकायदा आहे. परदेशात रीतसर घेतलेले उपकरणही येथे जप्त होऊ शकते आणि ते बाळगणाऱ्याला अटक होऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर संदेशयंत्रामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली होती. 'इनमारसॅट'वर आधारित फोनसेवा 'बीएसएनएल'ने २०१७ मध्ये सुरू केली; तीही परवानगीनेच मिळते. त्यामुळे हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांनी उपकरणाची किंमत विचारण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी आणि मार्गाचे वेळापत्रक घरी लिहून ठेवावे.