दगडावरचा उजेड आणि काचेवरचा रंग

कर्जतहून कोंडिवड्याला जावे आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याची रानवाट धरावी, म्हणजे कोंडाण्याची लेणी लागतात. सिंहगडाचे जुने नाव कोंडाणा. त्याचा याच्याशी संबंध नाही. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाची घोड्याच्या नालेसारखी कमान, दगडात उतरवलेली लाकडी बांधकामाची नक्कल, नाचणारी युगुले, आणि कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले असे सांगणारा ब्राह्मी लेख, एवढे सारे एका काळ्या कातळात आहे. उजेड सगळीकडून सारखा पडला, तर ही युगुले कातळात बुडून जातात. तोच बाजूने तिरपा आला, की वळलेली कंबर आणि उचललेला हात उठून दिसतो. दगड तोच, फरक केवळ उजेडाचा.

म्हणूनच आम्ही म्हणतो की छायाचित्र वस्तूचे नसते, वस्तूवरून परतलेल्या उजेडाचे असते. पण तो उजेड टिपणारी काच तरी सगळा उजेड पाहते काय? छायाचित्रणाच्या इतिहासातला सर्वांत मनोरंजक भाग या एका प्रश्नात आहे.

छायाचित्रणाची विद्या 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, आणि 1854 साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतले नाणावलेले छायाचित्रकार. त्या काळच्या काचेवर चांदीच्या क्षारांचा थर असे, आणि त्याला निळा, जांभळा व डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा कळे. तांबड्याच्या बाबतीत ती काच आंधळीच होती. परिणाम असा, की निळे आकाश कागदावर पांढरेफटक उतरे आणि कुंकू काळे होई.

कोंडाण्यासारख्या ठिकाणी यामुळे फारसे बिघडत नाही, कारण तेथे आज पाहायचा तो आकार. अजिंठ्याची गोष्ट निराळी. तेथील चित्रांचा प्राण गेरूत आणि मागाहून आलेल्या निळ्या रंगात आहे. म्हणजे नेमके ज्या तांबड्याने चित्र उभे राहते, ते जुन्या काचेवर अंधारात जाणार! मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्यात वर्षानुवर्षे बसून हाताने रंगीत नकला केल्या. ते छायाचित्रेही घेत, आणि 1864 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु रंगासाठी त्यांना कुंचलाच धरावा लागला. त्यांच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम पुन्हा आरंभले. त्यांतल्याही अनेक नकला 1885 च्या आगीत गेल्या. दोनदा केलेले कष्ट दोनदा राख झाले. कुंचल्याची नकल एकच असते, ती गेली की गेली. रंगाच्या अनेक प्रती काढण्याची गरज किती होती, ते यावरून कळावे.

ती वाट तोवर दिसू लागली होती. मॅक्सवेल यांनी 1861 साली एकाच वस्तूची तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळी छायाचित्रे घेऊन ती पडद्यावर एकावर एक पाडली आणि रंग परत आणून दाखवला. 1873 साली जर्मनीत फोगेल यांनी थरात रंगद्रव्य मिसळून काचेची दृष्टी निळ्यापलीकडे नेली. तांबडा नीट दिसायला पुढची आणखी काही वर्षे गेली.

या विद्येशी आपल्या मुलखाचा संबंध घाटमाथ्यावर येतो. दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटासाठी ओळखतो. पण त्याआधी ते पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार होते, आणि ती नोकरी सोडल्यावर ते लोणावळ्यात छपाईच्या धंद्यात पडले. तिरंगी ब्लॉकचे काम ते शिकले होते. निळ्या काचेतून घेतलेल्या निगेटिव्हवरून पिवळ्या शाईचा ब्लॉक, हिरव्या काचेवरून गुलाबी तांबड्याचा, तांबड्या काचेवरून निळ्याचा. तिन्ही ठिपके नेमके जुळले तर चेहरा, न जुळले तर नुसता डाग. 1909 च्या सुमारास ते या छपाईसाठी जर्मनीलाही जाऊन आले. आणि गंमत पाहा, रंगात इतके मुरलेल्या या गृहस्थाचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ काळापांढरा! तेथे रंगाचे सारे काम उजेडाला आणि सावलीला करावे लागले.

आज खिशातल्या फोनमध्येही तांबड्या, हिरव्या व निळ्या जाळ्यांची तीच युक्ती आहे. पण यंत्र सुधारले म्हणून साक्ष निर्दोष होत नाही. सावलीतला कातळ निळसर येतो, मावळतीचा सोनेरी. आणि फोन आपल्या मर्जीने दोन्ही सारखे करून टाकतो. तेव्हा जुने छायाचित्र हाती आले, तर काळे दिसते ते खरोखर काळे होते की तांबडे, हे आधी विचारावे. कोंडाण्याला गेलात, तर कमानीचे चित्र घेऊन खाली तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. दर पावसाळ्यात तेथे पाणी वरून कोसळते आणि दगड झिजतो. उद्याच्या माणसाला आपले चित्र पुरावा म्हणून लागेल. तो कोणत्या उजेडातला, हे त्याला कळले पाहिजे.