गोदावरीचा गाळ आणि दख्खनच्या मातीचा इतिहास

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची कागदपत्रं बंगालच्या उपसागराच्या तळाशी ठेवलेली आहेत. म्हणून सुरुवातीला थोडं रसायनशास्त्र ऐकून घ्यावं लागेल. एकदा ते पदरात पडलं की आपण थेट प्रवराकाठी जाऊ.

आपला प्रश्न साधा आहे. महाराष्ट्राच्या पठारावरची माती गेल्या दहा हजार वर्षांत कधी, किती आणि कशामुळे वाहून गेली? ताम्रपट, शिलालेख, बखरी यांतून याचं उत्तर मिळत नाही. ताम्रपटात गावाच्या सीमा सापडतात, करमाफी सापडते. शेताचा वरचा थर किती झिजला हे कोणी कोरून ठेवत नाही. उत्खननातून घरं सापडतात, चुली सापडतात, जळके दाणे सापडतात, पण जी माती निघून गेली ती तिथे नसतेच. ती शोधायची तर जिथे जाऊन पडली तिथे जायला हवं.

ही कल्पना काही आधुनिक नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटसने इजिप्तबद्दल लिहिताना एक निरीक्षण नोंदवलं आहे. किनारा अजून दिवसभराच्या प्रवासाइतका लांब असताना बुडीद सोडून पाहिला, तर अकरा वावांवर चिखल वर येतो. म्हणजे नाईलने आणलेली जमीन समुद्रात इतक्या दूरवर पसरलेली आहे. समुद्रातल्या गाळावरून नदीचं काम ओळखण्याचा हा फार जुना लेखी दाखला. हेरोडोटसला चिखल आहे एवढं कळलं. तो कुठल्या डोंगराचा, हे विचारायची साधनं मात्र विसाव्या शतकात आली.

आता गोदावरी. ब्रह्मगिरीवर उगम. तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर, पण बाई पूर्वेला वळतात आणि 1,465 किलोमीटर चालून राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळतात. खोरं सुमारे 3.1 लाख चौरस किलोमीटर, त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या खोऱ्यात दोन अगदी वेगळ्या वयाचे खडक आहेत. नाशिक, नगर, मराठवाडा या वरच्या भागात दख्खनचा काळा बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खाली गडचिरोली, बस्तर, पूर्व घाट या बाजूला प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस, त्यातले बरेच अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. नदी दोन्हीकडची माती एकत्र करून समुद्रात टाकते. मग ती वेगळी कशी करायची?

इथे निओडिमियम नावाचा धातू कामाला येतो. तो सगळ्याच खडकांत थोडाफार असतो. समारियम 147 हा किरणोत्सारी अणू अतिशय सावकाश विघटित होऊन निओडिमियम 143 बनतो. किती सावकाश? त्याचं अर्धआयुष्य 10,600 कोटी वर्षं आहे, पृथ्वीच्या वयाच्या वीसपटीहून जास्त. पृथ्वीच्या प्राचीन कवचात निओडिमियमच्या मानाने समारियम कमी, म्हणून तिथे 143 ची भर कमी पडली. बसाल्ट खालच्या प्रावरणातून खूप उशिरा वर आला, आणि तिथे समारियमचं प्रमाण जास्त होतं. परिणामी दोन्ही खडकांतल्या निओडिमियम 143 आणि 144 यांच्या गुणोत्तरात दशांश चिन्हानंतर तिसऱ्या-चौथ्या स्थानावर फरक पडतो. एवढा फरक वस्तुमान-वर्णपटमापकाला पुरेसा आहे. शास्त्रज्ञ तो सोयीसाठी दहा हजारांत किती, असा मोजतात. दख्खनी बसाल्टचा आकडा बऱ्याच ठिकाणी शून्याच्या आसपास, तर प्राचीन कवचाचा उणे तीसच्याही खाली. खडकाची माती झाली, माती नदीतून वाहिली, समुद्रात बसली, तरी हा आकडा फारसा बदलत नाही. स्ट्राँशियमचे समस्थानिकही वापरतात, पण ते खडक कुजताना आणि कण बारीक होताना जास्त हलतात. मला विचाराल तर साक्षीदार म्हणून निओडिमियम जास्त विश्वासाचा.

दुसरा साक्षीदार आहे पानांवरचं मेण. केळीच्या किंवा अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, ते या मेणामुळे. त्याचे लांब रेणू गाळात हजारो वर्षं टिकतात, आणि समुद्रातलं शेवाळ तसे रेणू सहसा बनवत नाही. म्हणजे असा रेणू सापडला की तो जमिनीवरून आला, एवढं नक्की. शिवाय त्या मेणातल्या कार्बन 13 च्या प्रमाणावरून कळतं की झाड कुठल्या पद्धतीने अन्न तयार करत होतं. बहुतेक वृक्ष, भात, गहू यांची एक पद्धत; कोरड्या, उष्ण प्रदेशातली गवतं, ज्वारी, बाजरी, ऊस यांची दुसरी. दोन्हींच्या मेणातला फरक ठळक असतो.

2006 साली भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे खोदकामाचं जहाज आपल्या समुद्रात आलं होतं. शोध चालला होता इंधनाचा. पण गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे सव्वा किलोमीटर खोल पाण्यात काढलेल्या एका गाळाच्या गाभ्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा सलग थर हाती लागला. इतिहासाला अशी देणगी भलत्याच खात्याकडून मिळते, हे काही नवीन नाही.

या गाभ्यावरचा एक शोधनिबंध 2012 साली आला. त्यात मेणाची साक्ष अशी: सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून 1,700 वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या, आणि पुढे त्याच टिकून राहिल्या. सूक्ष्म कवचांतल्या ऑक्सिजनवरून असंही दिसलं की शेवटच्या 3,000 वर्षांत उपसागराचं पाणी मधून मधून फार खारट झालं. म्हणजे नद्यांचं गोडं पाणी कमी पोचलं. थोडक्यात, मध्य भारतातला मान्सून क्षीण होत गेला.

आता तुम्हीच सांगा, पाऊस कमी झाला तर माती वाहून जाणं कमी व्हायला हवं की जास्त? पटकन उत्तर येतं, कमी. 2017 साली त्याच गाभ्यावर दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचं उत्तर उलटं निघालं. मान्सून क्षीण झाला त्याच काळात समुद्रात येणारा गाळ वाढला. निओडिमियमने दाखवलं की त्यात दख्खनी मातीचा वाटा वाढत होता. आणि गाळाबरोबर येणारा कार्बन वयाने जास्त जुना होत गेला. म्हणजे नुसता वरचा पालापाचोळा नव्हे, तर जमिनीच्या आतले जुने थरही उघडे पडून वाहू लागले होते.

याचं कारण शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मान्सून कमजोर झाला तरी पाऊस वर्षभर सारखा पडत नाही. तो चार महिन्यांतच येतो, आणि आला की कोसळतो. झाडोरा विरळ झालेला, उन्हाळ्यात जमीन तापून भेगाळलेली, आणि त्यावर वळवाची सर. पहिल्या दोन-तीन पावसांतच ओढे गढूळ होतात, ते आपण दरवर्षी पाहतो. मातीला धरून ठेवतं ते आच्छादन, आणि ते अवर्षणात जातं.

पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण याच काळात माणूस नांगर धरून उभा आहे. प्रवराकाठचं दायमाबाद, जोर्वे, नेवासे ही ताम्रपाषाणयुगीन गावं गोदावरीच्याच खोऱ्यातली. दायमाबादची वस्ती इसवी सनापूर्वी 2000 च्याही आधी सुरू होते आणि 1000 च्या सुमारास उजाड होते. पुढे विदर्भात लोह वापरणारे महापाषाणीय लोक, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी, मग पैठणचे सातवाहन. 2017 च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की धूप आधी हवामानामुळे वाढली. नवाश्मयुगापासूनच्या शेतीने आणि नंतर लोहयुगात वाढलेल्या शेतीने ती आणखी तीव्र केली. हा क्रम मला पटतो, पण एक धोका लक्षात ठेवायला हवा. निओडिमियम माती कुठली ते सांगतं; ती नांगराने सुटली की दुष्काळाने, हे सांगत नाही. मेणाचंही तसंच. कोरड्या प्रदेशातलं रानगवत आणि ज्वारीचं शेत समुद्राच्या तळाशी जवळपास सारखंच दिसतं. शिवाय सेंद्रिय पदार्थ वाटेत कुजतात, त्यांची जागा खालच्या खोऱ्यातले नवे पदार्थ घेतात. खनिज कण मात्र वरूनच आलेले असू शकतात. एकाच चमचाभर गाळात खनिज नगरचं आणि मेण गडचिरोलीचं, असं होऊ शकतं. म्हणून ‘जोर्वेकरांनी जंगल तोडलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला’ अशी गोष्ट कोणी या आलेखावरून सांगू लागला, तर त्याला जपून ऐका. उत्तर-जोर्वे काळातली पडझड हवामानाशी जोडण्याचा विचार म. के. ढवळीकरांनी हा गाभा निघण्याच्या पुष्कळ आधी, उत्खननाच्या आधारे मांडला होता. दोन स्वतंत्र वाटांनी आपण एकाच काळाशी येतो, हे महत्त्वाचं आहे. पण काळ जुळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे.

शेवटची एक गोष्ट सांगतो, मग प्रश्न घेऊ. जुनी मोजमापं धरली तर गोदावरी वर्षाला सुमारे 17 कोटी टन गाळ समुद्रात नेत असे. आता मुखाशी पोचणारा गाळ निम्म्याहूनही खाली आला आहे, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे सरकतो आहे. धूप थांबली म्हणून हे घडलेलं नाही. माती आता जायकवाडीसारख्या धरणांत अडकते. उद्या कोणी त्याच जागी पुन्हा गाभा काढला, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दख्खन त्याला उपसागरात शोधून फारसा सापडणार नाही. तो नाथसागराच्या तळाशी शोधावा लागेल.